पाचवा पाहुणा

आमच्या जळगावच्या घराला स्वतःच्या भिंती तीनच होत्या. चौथी भिंत डाळ मिलची होती आणि मिल चालू असेपर्यंत ती थरथरत राहायची. फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण हळूहळू सरकत कडेला यायचा आणि आई दिवसातून दोनदा त्याला परत जागेवर बसवायची. वडील, म्हणजे आमचे आबा, त्याच मिलमध्ये मुकादम होते. त्यांच्या भुवया, कान, टोपी सगळ्यावर तुरीची पिवळी भुकटी बसलेली असे. मिलच्या आवाजामुळे आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलत. पुढे सासरी गेल्यावर मला 'हिचा आवाज केवढा' म्हणून टोमणे खावे लागले, पण तो आवाज माझा नव्हता, मिलचा होता.

सुपडूमामा आमच्याकडेच राहायचा. आईच्या पाठची भावंडं जन्मून जन्मून गेली, म्हणून हा झाल्यावर आजीने त्याला सुपात घालून शेजारणीच्या पदरात टाकलं आणि मग परत मागून घेतलं. म्हणून नाव सुपडू. खानदेशात असे सुपडू गल्लोगल्ली सापडतील. मागून आणलेलं पोर म्हणून आईचा त्याच्यावर जीव जरा जास्तच. मामा एका मालकाची जीप भाड्याने चालवायचा. पाचोरा, भुसावळ, पारोळा, जिथलं गिऱ्हाईक मिळेल तिथे. बोलका इतका की गाडीत बसलेल्या माणसाचं गाव, जात, मुलांची शिक्षणं सगळं त्याला वाटेतच कळायचं, आणि त्याचं सगळं गिऱ्हाइकाला. शकुन-अपशकुनाचं त्याला फार. मांजर आडवं गेलं तर हा गाडी बंद करून पाच मिनिटं बिडी ओढत बसणार. आबा त्याला चिडवायचे, "तुझ्या जीपला डिझेल कमी आणि लिंबू-मिरची जास्त लागते." मामा हसायचा आणि दुसऱ्या दिवशी नवं लिंबू बांधायचा.

तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. थंडी पडली होती, म्हणजे आमच्याकडे भरताचे दिवस. आईने अंगणात पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली होती. कपाशीच्या त्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याची चव गॅसवरच्या वांग्याला येत नाही, हे मी माझ्या सुनेला सांगून थकले. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या, भरीत, वर कांद्याची पात. मामा दिवेलागणीला आला. हातपाय धुतले, जेवायला बसला. दोन भाकरी खाल्ल्या, भरीत पुन्हा मागून घेतलं. बोलला मात्र काही नाही. आई म्हणाली, "आज मुका का रे?" तो म्हणाला, "थकी गऊ." एवढंच. मग गोधडी घेऊन ओसरीवर झोपला. मी गणितं सोडवत शेजारीच बसले होते. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी पेपर मोठ्याने वाचला, तशी त्यांची सवयच होती. धुळ्याला एका निवृत्त गुरुजींच्या घरी भरदुपारी मुलगी पाहायला म्हणून पाहुणे आले, चहा-पोहे झाले, आणि मग त्याच पाहुण्यांनी चाकू काढले. मुलीच्या लग्नासाठी करून ठेवलेलं सोनं मागितलं. गुरुजी कपाटासमोर आडवे झाले, त्यांना तिथेच भोसकलं. त्यांच्या बायकोचा हात मोडला. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पाहुणे पाच जण होते आणि जीपने पळाले. आबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "असल्यांना चौकात टांगलं पाहिजे." मामा उंबऱ्यावर बसून चपलेचा अंगठा शिवत होता. "हा, दाजी," म्हणाला, सुई कानावरच्या केसात खोचली आणि स्टँडवर निघून गेला.

मग एका दुपारी पोलीस आले. मिल चालू होती, त्यामुळे त्यांनी दार वाजवलेलं कोणाला ऐकू आलं नाही, ते सरळ आतच आले. मामाला जीपसकट आधीच उचललं होतं. त्यांना त्याची पेटी आणि कपडे हवे होते. आई त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होती की तुमची गल्ली चुकली असेल. फौजदार म्हातारासा होता. तो म्हणाला, "बाई, गल्ली बरोबर आहे. गाडी तुमचा भाऊ चालवत होता आणि घरात बसलेला पाचवा माणूसही तुमचा भाऊच."

काय घडलं ते आम्हाला तुकड्या-तुकड्याने कळलं. चार अनोळखी माणसं स्टँडवर आली. धुळ्याला मुलगी पाहायला जायचंय म्हणाली. मामा खूश. शुभ कामाचं भाडं. पारोळा मागे पडल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे चौघंच आहेत. आमच्याकडे मुलगी पाहायला चौघं जात नाहीत. चौघांचं एकत्र काम एकच, खांदा द्यायचं. तीन जा, पाच जा, सात जा, पण चौघं कोणाच्या उंबऱ्यावर शुभ बोलायला उभे राहत नाहीत. मामाने ते त्यांना सांगितलं. ते एकमेकांकडे बघत राहिले. त्यांच्यातला मोठा, जो मुलाचा काका झाला होता, म्हणाला, मग आता काय करायचं? आणि आमचा मामा म्हणाला, "मी येतो पाचवा. मला मुलाचा मित्र म्हणा." मग त्याने डिकीतून धुतलेला शर्ट काढून घातला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आईचा पहिला राग यावरच होता. ती म्हणायची, "ज्यास्ले एवढं ठावकं नही, त्या कसाना पाव्हना? सोयरीक जुळाडाले निघेल मानूस चार जन निंघस का? तुले तठेच समजाले पाह्यजे व्हतं." मला आजही हे फार पटतं. ज्या रीतीने त्याला सावध करायला हवं होतं, त्याच रीतीने त्याला घरात नेऊन बसवलं. चाकू निघाले तेव्हा तो खाटेवर पोह्यांची बशी घेऊन बसलेला होता. नंतर त्यांनी त्याला मानेला धरून जीपमध्ये ढकललं आणि गाडी चालवायला लावली. पारोळ्याच्या अलीकडे एका फाट्यावर ते उतरले. उतरताना म्हणाले, तुझी बहीण डाळ मिलच्या मागे राहते ना, भाची दहावीला आहे ना. हे सगळं त्यानेच येताना हौसेने सांगितलेलं. मग तो जळगावला आला, गाडी धुतली आणि घरी येऊन जेवला. पोलिसात गेला नाही. दुसऱ्या दिवशी भाडी मारली. कोणालाही एक अक्षर बोलला नाही. मला त्याची दया येते आणि रागही येतो, आणि इतक्या वर्षांत रागाने दयेला कधी पुरतं हरवलेलं नाही.

ते चौघंही काही दिवसांत पकडले गेले. धुळं तेव्हा पेटलं होतं. बाजार बंद राहिला, शाळा सुटल्या, गुरुजींचे विद्यार्थी, म्हणजे निम्मं गाव, मोर्च्यात चाललं. बायका बायकांचा वेगळा मोर्चा घेऊन कचेरीवर गेल्या. एकच मागणी, पाचही जणांना फाशी. चोर रात्री कौलं काढून येतो, हे लोकांना माहीत होतं, त्याला ते कुलूप लावत होते. पण पाहुणा म्हणून आलेला, पायावर पाणी घेतलेला, घरच्या मुलीच्या हातचे पोहे खाल्लेला माणूस चाकू काढतो, याला कुठलं कुलूप लावणार? त्या लग्नसराईत धुळे-जळगाव भागात मुलगी पाहायला आलेल्यांना लोक ओट्यावरच उभं करून नावगाव, मामाचं गाव, गावातल्या पाटलाचं नाव असं विचारू लागले. चांगली चांगली माणसं अपमान होऊन परत गेली, जमलेल्या सोयरिकी मोडल्या. वकिलांनी बैठक घेऊन ठरवलं की यांचं वकीलपत्र धुळ्यात कोणी घ्यायचं नाही. आता टीव्हीवर पट्टी फिरते आणि दुसऱ्या दिवशी दुसरी येते. तेव्हा एकच गोष्ट महिनोन् महिने गावात मुक्कामाला असायची.

जळगावात आमची तऱ्हा वेगळी होती. नळावर आई गेली की बायका आपापले हंडे उचलून बाजूला सरकायच्या, भांडायच्या नाहीत. भांडण परवडलं असतं. शाळेत मला पाचव्याची भाची म्हणू लागले. टीप मामानेच दिली, सोनं आमच्या मिलच्या भिंतीत पुरलंय, असंही लोक बोलत. आबा घरात आले की म्हणायचे, "सुक्याबरोबर ओलंही जळतं." आई उलट विचारायची, "तो ओला कशावरून?" भावाची बाजू घेणाऱ्याशी ती भांडायची आणि भावाला शिव्या देणाऱ्याशीही भांडायची. माझी आई मूळची तिखटच, त्या दिवसांत तिच्या जवळ बसवत नसे.

शेवटी पारोळ्याच्या एका वयस्क वकिलांनी मामाचं वकीलपत्र घेतलं. सगळे त्यांना नाना म्हणत. बारीक, खोकणारे, पानाचा डबा सतत उघडबंद करणारे. त्यांनी आमच्या ओसरीवर बसून आईला कायदा समजावून सांगितला, तो मी आतून ऐकला. "हे बघा ताई, चौघांनी लुटलं तर कायद्यात ती जबरी चोरी. पाच झाले की दरोडा. आणि दरोड्यात एकाने जीव घेतला की चाकू कोणाच्या हातात होता हे विचारत नाहीत. पाचही जण खुनाचे धनी. आता प्रश्न एवढाच की तुमचा भाऊ पाचवा होता की नव्हता. नुसता बसलेला माणूस पाचवा होत नाही. त्यांच्यात सामील होऊन बसलेला होतो." आईने विचारलं, ते कोणी कसं ठरवायचं? नाना म्हणाले, "मनात काय होतं ते कोर्टाला दिसत नाही. आधी काय केलं आणि नंतर काय केलं, त्यावरून ठरवतात." त्या चौघांच्या बाहेरगावच्या वकिलालाही मामा निर्दोष सुटायला हवा होता, कारण मग दरोडाच उरत नव्हता. तो माणूस कोर्टात आईला हसून नमस्कार करायचा. आई मान फिरवायची.

नंतर काय केलं, यावर नानांनी आईला साक्षीला उभं करायचं ठरवलं. "तुम्ही एवढंच सांगायचं. भाऊ घरी आला तेव्हा थरथरत होता. ताटावर बसला, पण घास गेला नाही. पाणी प्यायला आणि पडून राहिला. म्हणजे माणूस भेदरलेला होता, सामील नव्हता." आईने पदर खोचला. मग म्हणाली, "सांगेन." आबांनी सुटकेचा श्वास टाकला. मी आईकडे बघितलं, पण तिने माझ्याकडे बघायचं टाळलं.

खटला धुळ्याला चालला. एस.टी.ने जायचं, एस.टी.ने यायचं. शाळा बुडवून मी आईबरोबर जायचे, कारण एकटीने त्या गर्दीतून कोर्टात शिरणं तिला जमेना. गुरुजींच्या मुलीची साक्ष झाली त्या दिवशी आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. तिचं नाव सुनंदा. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. गोरी, हडकुळी, दोन्ही हातांनी पिंजऱ्याचा कठडा धरलेला. बाहेर लोक तिला सांगत होते ते आम्हीही ऐकलं होतं, "पाचव्यानेही मारलं म्हण, पोरी. एक शब्द म्हण." सरकारी वकिलांनी विचारलं, किती जण होते? ती म्हणाली, "पाच. मी पाच बशा भरल्या होत्या." पाचव्याने काय केलं? सगळं कोर्ट तिच्या तोंडाकडे बघत होतं.

"काही नाही केलं," ती म्हणाली. "बशी हातात धरून बसून होते."

मारलं? "नाही." कोणाला धरलं? "नाही." कोणाला अडवलं? "नाही." मग नाना उठले. त्यांनी मऊ आवाजात विचारलं, बाई, तो माणूस घाबरलेला दिसत होता का? सुनंदाने पहिल्यांदाच नानांकडे नीट पाहिलं. "मी माझ्या वडिलांकडे बघत होते," ती म्हणाली.

नाना खाली बसले. जाताना ती आमच्या बाकाजवळून गेली. आम्ही कोण आहोत हे तिला कोणीतरी सांगितलेलं असणार. ती थांबली नाही, वाईट बघितलंही नाही. आई एस.टी.त खिडकीजवळ बसली. पारोळ्याच्या स्टँडवर भजीवाला खिडकीशी ओरडत होता, तेव्हा ती एकदम म्हणाली, "तिला सोपं होतं गं. मारलं म्हणाली असती तर सगळं गाव तिला डोक्यावर घेतं." मी म्हटलं, "हो." ती परत बाहेर बघायला लागली.

आईची साक्ष पुढे काही दिवसांनी झाली. त्या दिवशी आबाही रजा घेऊन आले होते. आईने नऊवारी नेसली होती, कपाळभर कुंकू. शपथ घेताना तिचा आवाज नेहमीसारखाच मोठा निघाला, मिलमधला. मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. नानांनी नाव, नातं, राहणं विचारलं आणि मग मुद्द्यावर आले. "त्या संध्याकाळी तुमचा भाऊ घरी आला, तेव्हा त्याची अवस्था कशी होती?"

"थकेल व्हता," आई म्हणाली. तिने मराठीत बोलायचं ठरवलं होतं, पण ऐन वेळी अहिराणीच निघाली. न्यायाधीश म्हणाले, बोलू द्या, समजतं.

"जेवायला बसला का?"

"बसना." आमच्या बोलीत म्हणजे बसला.

"त्याला जेवण गेलं का?" नानांनी प्रश्न असा विचारला की उत्तर त्यातच होतं. आईने मामाकडे पाहिलं. तो चौघांच्या शेवटी उभा होता, दाढी वाढलेली, जेलमधल्या कुठल्याशा शर्टात. मग ती समोरच्या बाकावर बसलेल्या सुनंदाकडे बघू लागली, आणि तिच्याकडे बघतच म्हणाली, "जेवना. दोन भाकरी खाद्यात. भरीत पुन्हा मांगं."

नानांचा पानाचा डबा हातातच राहिला. सरकारी वकिलांना उलटतपासणी करायची गरजच उरली नाही. मागे कोणीतरी "शाबास बाई" म्हणालं आणि शिपायाने त्याला गप्प केलं. आबा बाहेर व्हरांड्यात आईवर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत. "वेडी झालीस का? भावाला फासावर देतेस?" आईने पदराने तोंड पुसलं. "तिने खोटं नाही सांगितलं," म्हणाली. "माझ्याच्याने नाही झालं." एवढं बोलून ती नळावर गेली आणि ओंजळीने पाणी पीत राहिली. मला त्या क्षणी तिचा अभिमान वाटला की तिची भीती वाटली, ते मला सांगता येणार नाही. बहुतेक भीतीच. असली माणसं पुस्तकात बरी, घरात असली की त्यांच्या खरेपणाचा खर्च सगळ्यांना पडतो.

निकालाच्या दिवशी पुन्हा गावभर बंद. चौघांना जन्मठेप, मामाला दहा वर्षं सक्तमजुरी. न्यायाधीशांनी वाचून दाखवलं की या आरोपीने स्वतःहून पाचवा होण्याची तयारी दाखवली, विश्वास संपादन करायला हातभार लावला, गुन्हेगारांना पळवून नेलं, आणि त्याच संध्याकाळी, त्याच्या सख्ख्या बहिणीच्या सांगण्याप्रमाणे, नेहमीप्रमाणे जेवण केलं; धमकीने भेदरलेल्या माणसाचं हे वर्तन नाही. बाहेर लोक भडकले, पाचव्याला कमी का, म्हणून. घोषणा सुरू झाल्या. आतल्या व्हरांड्यात पोलीस आरोपींना गाडीपर्यंत नेत होते. तो म्हातारा फौजदार तिथे होता. त्याने मामाला थोडं बाजूला थांबवलं आणि आईला हाताने जवळ बोलावलं. बाकीच्यांना पुढे नेलं.

आई समोर उभी राहिली. मला वाटलं मामा शिव्या देईल, रडेल. मी त्याची तयारी ठेवली होती. पण तो तिच्याकडे असा बघत होता, की लहान पोरानेही इतक्या भोळेपणाने बघू नये. बेड्या घातलेले हात त्याने पुढे धरले होते.

"अक्का," तो म्हणाला, "मी जेवनू व्हतू का वं त्या दिन?"

आईला कळलं नाही. मग कळलं. तो टोमणा मारत नव्हता. तो विचारत होता. गुरुजींच्या घरातली बशी, मानेवरचा हात, फाटा, इथवर त्याला सगळं आठवत होतं. गाडी धुतली ते आठवत होतं. त्यापुढे आमचं घर, ताट, भरीत, गोधडी, काही म्हणजे काही नव्हतं. कोर्टात आईच्या तोंडून ऐकलं तेव्हा त्याला ते पहिल्यांदा समजलं. त्यानंतर तो कोठडीत तेच आठवायचा प्रयत्न करत बसला होता.

बाहेर घोषणा वाढल्या होत्या. फौजदार म्हणाला, चला आता. आईने त्याच्या दोन्ही हातांवर आपला हात ठेवला. तिचा तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे, मला शेजारी उभं राहून जेमतेम ऐकू आलं.

"जेवना रे भाऊ. मीच वाढेल व्हतं."

मामाने मान हलवली. "तू सांगस म्हंजे जेवनूच व्हसू," तो म्हणाला, आणि पोलिसांबरोबर गाडीकडे चालायला लागला.